शहरातील जुन्या-नव्या वास्तुकलेची पायी फेरी: आखावी कशी, चालवावी कशी

एखाद्या शहरातील इमारती लोकांना पायी फिरवून दाखवायच्या ठरल्या, की बहुतेक जण आधी प्रसिद्ध इमारतींची यादी करतात, नकाशावर त्या एका रेषेने जोडतात आणि प्रत्येकीचे नाव, वास्तुकाराचे नाव व बांधकामाचे साल पाठ करतात. अशी फेरी पार पडते, पण दुसऱ्या दिवशी सहभागींच्या मनात तिच्यातले फारसे काही उरलेले नसते. नावे आणि साले घरी बसूनही वाचता येतात. भिंतीची जाडी दाराच्या कडेला उभे राहून अजमावणे, खिडकीची चौकट भिंतीत किती आत बसवली आहे ते तिरक्या नजरेने पाहणे, मान किती वर केल्यावर कळस दिसतो ते स्वतः अनुभवणे, या गोष्टींसाठी मात्र जागेवरच जावे लागते. फेरीची सगळी आखणी या गोष्टींभोवती व्हावी, असे माझे ठाम मत आहे. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही काळांतील इमारती एकाच फेरीत दाखवू इच्छिणाऱ्या व्यक्तीने तयारी कशी करावी, हे पुढे क्रमाने दिले आहे.

आधी प्रश्न ठरवा, मग रस्ता

फेरीला एक प्रश्न हवा. विषय आणि प्रश्न यांत फरक आहे. ‘शहराचा वारसा’ हा विषय झाला. त्यात काय घ्यावे आणि काय वगळावे हे तो सांगत नाही. ‘या इमारतीचा भार नेमका कोण उचलतो?’ हा प्रश्न झाला. तो तीनशे वर्षांपूर्वीच्या प्रार्थनास्थळाला विचारता येतो आणि दहा वर्षांपूर्वीच्या काचेच्या मनोऱ्यालाही. ‘आतल्या खोलीत उजेड कसा पोहोचतो?’, ‘पावसाचे पाणी भिंतीपासून दूर कसे ठेवले आहे?’, ‘रस्त्यावरच्या माणसाला ही इमारत आत बोलावते की बाहेर ठेवते?’ हेही तितकेच चांगले प्रश्न आहेत, कारण त्यांची उत्तरे पदपथावर उभे राहून डोळ्यांनी शोधता येतात. ज्या प्रश्नाचे उत्तर केवळ कागदपत्रांत सापडते, तो फेरीसाठी निवडू नये.

अशा प्रश्नाचे बळ किती असते, हे शिकागोतील मोनॅडनॉक इमारतीसमोर कळते. तिचा उत्तरेकडील अर्धा भाग १८९१ मध्ये पूर्ण झाला. बर्नहॅम आणि रूट यांच्या कार्यालयाने तो १६ मजली बांधला आणि त्याच्या बाहेरच्या भिंती विटांच्या, भार वाहणाऱ्या ठेवल्या; तळाशी त्यांची जाडी सुमारे ६ फूट आहे. दक्षिणेकडील अर्धा भाग दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, होलाबर्ड आणि रोश यांच्या कार्यालयाने पूर्ण केला आणि त्यात मुख्य भिस्त पोलादी सांगाड्यावर ठेवली. दोन्ही भाग एकाच पदपथाला लागून आहेत. उत्तरेकडच्या खिडक्या खोल कोनाड्यांत बसल्यासारख्या दिसतात, तर दक्षिणेकडे खिडक्यांमधले खांब सडपातळ होतात आणि काच वाढते. बांधकामशास्त्रातील एवढे मोठे स्थित्यंतर काही पावलांत पाहायला मिळते, आणि ‘भार कोण उचलतो?’ हा प्रश्न मनात असला तर त्यासाठी फार बोलावेही लागत नाही.

पुढील सूचना समजायला सोप्या जाव्यात म्हणून नमुन्यादाखल लंडनमधील एक छोटा मार्ग घेतो. टेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय, तेथून मिलेनियम हा पादचारी पूल आणि उत्तरेकडे सेंट पॉल्स कॅथेड्रल, असा हा मार्ग आहे. यासाठी प्रश्न आहे: ‘इथली वीट भार उचलते की नुसती झाकते?’

वाचन आणि पडताळणी

प्रत्येक इमारतीबद्दल निदान दोन स्वतंत्र आधार मिळाल्याशिवाय कोणतेही विधान आपल्या टिपणात घेऊ नये. नगरपालिकेच्या बांधकाम परवान्यांच्या नोंदी, जुने भूमापन नकाशे, वारसा यादीतील नोंदपत्रे, त्या काळची वृत्तपत्रे आणि मूळ आराखडे हे भरवशाचे आधार आहेत. माहितीफलकावरील मजकूर हा केवळ सुरुवातीचा दुवा मानावा, कारण तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या सारांशाचा सारांश असतो. साल लिहिताना ते कशाचे आहे हेही लिहावे: पाया घातल्याचे, उद्घाटनाचे की विस्ताराचे. टेट मॉडर्न २००० मध्ये उघडले. पण ती इमारत मुळात सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १९४७ ते १९६३ या काळात टप्प्याटप्प्याने उभारलेले वीजकेंद्र आहे, आणि ते १९८१ मध्ये बंद झाले. ‘ही इमारत २००० सालची’ हे विधान त्यामुळे एका अर्थाने खरे आणि तरीही दिशाभूल करणारे ठरते.

दंतकथांबाबत विशेष जागरूक राहावे. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ या काळात खिडक्यांवर कर होता, आणि त्यामुळे तेथील जुन्या घराची विटांनी बुजवलेली प्रत्येक खिडकी करचुकवेगिरीची खूण म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात दर्शनी भागाची मांडणी दोन्ही बाजूंना सारखी दिसावी म्हणून अनेक घरांत सुरुवातीपासूनच आंधळ्या खिडक्या ठेवलेल्या असत. बुजवणीची वीट आजूबाजूच्या विटांसारखीच असेल आणि तिचे थर भिंतीच्या थरांत नीट गुंतलेले असतील, तर खिडकी बहुधा पहिल्यापासून बंदच होती. विटेचा रंग वेगळा असेल आणि कडेने सरळ उभी भेग दिसत असेल, तर ती नंतर बुजवली गेली. मात्र तेवढ्यावरून कारण कर हेच होते, असे ठरत नाही. सहभागींना दंतकथा ऐकवायला हरकत नाही, पण ती तपासायची कशी हेही त्यांना जागेवर दाखवावे. माझ्या अनुभवात लोकांना दंतकथेपेक्षा तिची तपासणी अधिक आवडते.

कायद्यांचे वाचन टाळू नये, कारण शहराचा चेहरा घडवण्यात वास्तुकारांइतकाच वाटा नियमांचा असतो. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये वीट आणि दगड सक्तीचे झाले. १७०९ च्या कायद्याने तेथे खिडकीच्या लाकडी चौकटी भिंतीच्या बाह्य पृष्ठभागापासून ४ इंच आत घेण्यास भाग पाडले, म्हणजे आग एका घराच्या लाकडावरून दुसऱ्या घराच्या लाकडावर सहज पोहोचू नये. न्यूयॉर्कमध्ये १९१६ च्या नियमाने उंच इमारतींना वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी आत सरकायला लावले, जेणेकरून रस्त्यावर उजेड आणि हवा पोहोचावी. लंडनमधील लेडनहॉल इमारत २०१४ मध्ये पूर्ण झाली. तिची एक बाजू कलती आहे, कारण फ्लीट स्ट्रीटवरून दिसणाऱ्या सेंट पॉल्सच्या घुमटामागे ती डोकावू नये. तिरक्या इमारतीला लोक वास्तुकाराची लहर समजतात. तिच्यामागचे दृश्यसंरक्षणाचे कारण सांगितले, की जुनी आणि नवी इमारत यांच्यातील नाते त्यांच्या लक्षात येते.

जागेवरची पाहणी: कुठे उभे राहायचे

मार्ग कागदावर ठरला, की तो निदान तीनदा एकट्याने चालावा: एकदा सकाळी, एकदा दुपारी आणि एकदा फेरीच्या नेमक्या वाराला व वेळेला. आखणीतला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. या चालण्यात इमारतींपेक्षा उभे राहण्याच्या जागा शोधायच्या असतात. थांबा म्हणजे इमारत नव्हे. ती जिथून दिसते ती जागा म्हणजे थांबा.

अंतराचा एक साधा हिशेब उपयोगी पडतो. इमारतीच्या उंचीइतक्याच अंतरावर उभे राहिल्यास माथा पाहण्यासाठी नजर ४५ अंशांनी वर करावी लागते; तेथून बारकावे दिसतात, पण मान लवकर अवघडते. उंचीच्या दुप्पट अंतरावरून हा कोन सुमारे २७ अंश होतो आणि संपूर्ण इमारत एका नजरेत येते. तिप्पट अंतरावरून तो सुमारे १८ अंश होतो आणि इमारत शेजाऱ्यांसह, रस्त्याच्या संदर्भात दिसते. सेंट पॉल्सची उंची १११ मीटर आहे. तिच्या भिंतीलगत उभ्या असलेल्या माणसाला घुमट जवळजवळ दिसतच नाही. मिलेनियम पुलाच्या मध्यावर मात्र अंतर उंचीच्या तिपटीहून अधिक असते, आणि तेथून घुमट, त्यावरचा दगडी कंदील (म्हणजे घुमटाच्या माथ्यावरचा छोटा मनोरा) आणि भोवतालच्या छपरांची रेषा एकत्र दिसते. म्हणून महत्त्वाच्या इमारतीसाठी शक्य असल्यास दोन थांबे घ्यावेत, एक लांबचा आणि एक हात लावण्याइतका जवळचा.

दुसरा मुद्दा उन्हाचा. उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत उत्तरेकडे तोंड असलेला दर्शनी भाग बहुतेक वेळ सावलीत असतो, पूर्वेचा सकाळी उजळतो, पश्चिमेचा दुपारनंतर आणि दक्षिणेचा दिवसाच्या मधल्या काळात. भिंतीला जवळजवळ समांतर येणारे तिरपे ऊन कोरीवकाम आणि विटांचे सांधे उठावदार करते. समोरून पडणारे ऊन सगळे सपाट करून टाकते. टेट मॉडर्नची नदीकडील भिंत उत्तरमुखी असल्याने तेथे विटांचे थर दाखवायचे असतील तर जवळ जावेच लागते. उलट पुलावरून उत्तरेकडे चालताना ऊन पाठीशी राहते आणि कॅथेड्रल उजेडात न्हालेले दिसते. केवळ एवढ्या कारणासाठी मी हा मार्ग दक्षिणेकडून उत्तरेकडे चालण्याच्या बाजूचा आहे.

याखेरीज प्रत्येक थांब्यावर काही गोष्टी टिपून ठेवाव्यात: १५ माणसे पदपथ न अडवता मावतात का, वाहनांच्या आवाजात बोलणे ऐकू येते का, पाऊस आल्यास आडोसा कुठे आहे, टेकायला कठडा किंवा बाक आहे का, आणि पायऱ्या टाळून चाकांच्या खुर्चीला जाता येईल असा पर्याय आहे का. पर्याय नसेल तर थांबाच बदलावा. गटातील एकाला मागे ठेवून पुढे जाणे कोणत्याही इमारतीसाठी योग्य नाही.

किती थांबे, कोणत्या क्रमाने

दोन तासांची फेरी आणि दीड किलोमीटर अंतर हे प्रमाण बहुतेकांना झेपते. त्याचा हिशेब असा मांडावा: ८ थांबे, प्रत्येकी ७ मिनिटे, म्हणजे ५६ मिनिटे, गटाचा वेग ताशी ३ किलोमीटर धरल्यास चालण्याची ३० मिनिटे, प्रत्येक थांब्यावर लोक गोळा होण्यास २ मिनिटे, म्हणजे १६, आणि सुरुवातीच्या ओळखीची ५. एकूण १०७ मिनिटे झाली आणि १३ मिनिटे प्रश्नांसाठी उरली. नववा थांबा घालण्याचा मोह नेहमी होतो, आणि तो नेहमी या १३ मिनिटांचाच घास घेतो.

क्रम कालानुसार असलाच पाहिजे, असे नाही. सहभागींनी शोध घेत पुढे जावे यासाठी सोप्या उत्तराकडून अवघड उत्तराकडे जाणारा क्रम मला अधिक योग्य वाटतो. आपल्या नमुना मार्गावर तो कालक्रमाच्या उलटा निघतो. प्रारंभ टेट मॉडर्नच्या २०१६ मध्ये उघडलेल्या विस्तारापासून करावा. हेर्झोग आणि द मुरॉन यांनी आखलेल्या या इमारतीला विटांची जाळीदार कातडी आहे. विटांमध्ये मोकळ्या जागा आहेत, रात्री त्यातून उजेड बाहेर येतो. ही वीट मजल्यांचा भार घेत नाही, हे तर्काने ओळखता येते. नंतर शेजारच्या जुन्या वीजकेंद्राकडे वळावे. ही भिंत भक्कम, अवाढव्य आणि बहुतांशी बंद आहे. इथली वीट भार उचलते का असे विचारले, की जवळजवळ सगळे ‘हो’ म्हणतात. मग त्यांना आत, पूर्वी वीजनिर्मितीची यंत्रे जिथे होती त्या टर्बाइन हॉलमध्ये न्यावे. तेथे पोलादाचे उंच खांब उघडे दिसतात, आणि बाहेरची वीट सांगाड्यावर चढवलेले आवरण होती हे सांगण्याची गरजही राहत नाही.

पुढे पूल. १० जून २००० रोजी उघडलेला हा पूल आडवा डोलू लागल्याने दोनच दिवसांत बंद करावा लागला आणि धक्के शोषणारी यंत्रणा बसवून २००२ मध्ये पुन्हा खुला झाला. लोक पावले जुळवून चालत होते म्हणून पूल हलला, असे सर्रास सांगितले जाते. घडले ते अधिक सूक्ष्म होते: पूल किंचित बाजूला सरकला की चालणारा माणूस तोल सावरण्यासाठी नकळत त्या हालचालीशी पाऊल जुळवतो, त्यामुळे हालचाल वाढते आणि आणखी माणसे तसेच करू लागतात. येथे वीट नाही, तरी भाराचा प्रश्न कायम राहतो. झुलत्या पुलाच्या केबल मुद्दाम बाजूंना, अगदी कमी उंचीवर ठेवल्यामुळे दृश्य मोकळे राहिले आहे, हे दाखवून द्यावे.

शेवटचा थांबा सेंट पॉल्स. सर ख्रिस्तोफर रेन यांनी आखलेल्या आणि १७१० च्या सुमारास पूर्ण झालेल्या या वास्तूची बाह्य भिंत पोर्टलंड दगडाची आहे, म्हणून सहभागी विटेचा प्रश्न संपला असे समजतात. इथे मार्गदर्शकाने घुमटाच्या उभ्या छेदाचे चित्र काढावे. बाहेरून दिसणारा घुमट लाकडी सांगाड्यावर शिशाचे पत्रे चढवून केलेला आहे. आतून दिसणारा घुमट वेगळा, विटांचा आणि बराच खाली आहे. आणि या दोहोंच्या मध्ये, कोणत्याही बाजूने न दिसणारा विटांचा शंकू माथ्यावरच्या दगडी कंदिलाचा भार तोलून धरतो. संपूर्ण फेरीत दिसलेली वीट झाकत होती, आणि जी दिसत नाही ती भार उचलते आहे. याच कारणासाठी सेंट पॉल्स शेवटी हवे. ते आरंभी दाखवले तर हा शोध घडत नाही.

थांब्यावर बोलणे

गट पोहोचल्याबरोबर बोलायला सुरुवात करू नये. अर्धा मिनिट सर्वांना शांतपणे पाहू द्यावे आणि मग एखादा डोळ्यांनी सोडवता येईल असा प्रश्न विचारावा: खिडक्या वर जाताना लहान होतात का, सर्वांत जुना भाग कोणता वाटतो, इथे काहीतरी नंतर जोडले आहे का? उत्तरे आल्यावर त्यांतले काय बरोबर आहे ते दाखवावे, आणि साल व नाव सर्वांत शेवटी सांगावे. साल आधी सांगितले, की लोक पाहणे थांबवतात.

इमारतीकडे पाठ करून, गटाकडे तोंड करून बोलावे. स्वतः उन्हाकडे तोंड करावे, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. १२ ते १५ जणांपुढे सामान्य आवाज पुरतो. त्याहून मोठ्या गटासाठी छोटा ध्वनिवर्धक किंवा दुसरा मार्गदर्शक घ्यावा. तांत्रिक शब्द वापरायला हरकत नाही, मात्र प्रत्येक शब्द समोरच्या वस्तूकडे बोट दाखवूनच वापरावा. विटांची भिंत दाखवताना, उदाहरणार्थ, सर्व विटांची फक्त लांब बाजू दिसते की मधूनमधून आखूड टोकेही दिसतात, हे पाहायला सांगावे. आखूड टोके ही भिंतीच्या आत आडव्या शिरलेल्या, पुढचा आणि मागचा थर बांधून ठेवणाऱ्या विटांची खूण असते. केवळ लांब बाजूच दिसत असतील, तर ती बहुधा अर्ध्या विटेची पातळ कातडी असते. एवढी एक चाचणी शिकलेला माणूस पुढे आयुष्यभर भिंती वाचत राहतो.

नव्या इमारतींबाबत मार्गदर्शकाची तयारी बऱ्याचदा कमी पडते. जुन्या वास्तूंवर पंधरा मिनिटे आणि काचेच्या मनोऱ्यावर एक वाक्य, असे होते. हा अन्याय टाळावा. न्यूयॉर्कमधील १९५८ ची सीग्रॅम इमारत घ्या. मीस वान डेर रोह यांनी तिच्या दर्शनी भागावर कांस्याच्या उभ्या तुळया बसवल्या, त्या भार उचलत नाहीत. आगीपासून बचावासाठी खरे पोलाद काँक्रीटमध्ये झाकणे नियमाने आवश्यक होते, म्हणून आतल्या सांगाड्याची ओळख पटवणारे रूप त्यांनी बाहेर पुन्हा उभे केले. अलंकार नको म्हणणाऱ्या काळातील इमारतीवरही असा अलंकार सापडतो, आणि त्यावर चर्चा रंगते.

जुन्या-नव्याचा सांधा जिथे दिसतो, तिथे थोडे अधिक रेंगाळावे. वारसा वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेनुसार जीर्णोद्धार अंदाज सुरू होतो तेथे थांबला पाहिजे, आणि अपरिहार्य असलेले नवे काम मूळ कामापासून वेगळे ओळखू आले पाहिजे. हे तत्त्व सांगून गटाला विचारावे, की समोरच्या इमारतीत नवे काम ओळखू येते का, आणि येत असेल तर ते शोभते का. यावर मतभेद होतील. मार्गदर्शकाने आपले मत जरूर सांगावे, पण ते मत आहे हे स्पष्ट करूनच.

परवानग्या

काही शहरांत मोबदला घेऊन मार्गदर्शन करण्यासाठी परवाना लागतो; तो नियम आधी तपासावा. इमारतीसमोरील मोकळी जागा सार्वजनिक वाटली तरी अनेकदा खासगी मालकीची असते, तेथे गट थांबवण्यापूर्वी व्यवस्थापनाशी बोलून घ्यावे. राहत्या घरांसमोर आवाज कमी ठेवावा आणि खिडक्यांची छायाचित्रे घेऊ नयेत असे सहभागींना सुरुवातीलाच सांगावे. प्रार्थनास्थळात उपासनेच्या वेळा टाळाव्यात.

तालीम, प्रत्यक्ष दिवस आणि नंतरचे काम

फेरीपूर्वी दोन-तीन ओळखीच्या माणसांसह संपूर्ण तालीम घ्यावी. त्यांतील एक वास्तुकलेशी अजिबात संबंध नसलेली असावी, कारण कुठे कंटाळा आला हे तीच प्रामाणिकपणे सांगते. घड्याळ लावून प्रत्येक थांब्याचा वेळ लिहावा. जिथे ७ ऐवजी ११ मिनिटे लागली तेथील कोणते वाक्य गाळायचे, हे त्याच दिवशी ठरवावे. इतरांच्या फेऱ्यांत सहभागी होणे हीसुद्धा तालीमच आहे. शिकागोत १९६६ मध्ये एक जुने घर वाचवण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेचे स्वयंसेवक आजही अशा फेऱ्या चालवतात, लंडनमध्ये १९९२ पासून इमारती लोकांसाठी उघडण्याचा ‘ओपन हाउस’ हा उपक्रम होतो, आणि शहरांविषयी लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांच्या स्मरणार्थ २००७ मध्ये टोरांटोत सुरू झालेल्या ‘जेन्स वॉक’मध्ये सामान्य नागरिकच आपल्या वस्तीची फेरी चालवतात.

प्रत्यक्ष दिवशी थोडी छेदचित्रे, दोन-तीन जुनी छायाचित्रे जाड कागदावर छापून, पाणी आणि प्रथमोपचाराचे साहित्य बरोबर ठेवावे. जुने छायाचित्र ज्या जागेवरून काढले होते, शक्य तितके तिथेच उभे राहून दाखवावे, म्हणजे काय उरले आणि काय गेले हे लोक स्वतः शोधू लागतात. ज्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नाही, तो वहीत लिहून घ्यावा आणि आठवडाभरात संबंधिताला कळवावे.

फेरी संपल्यावर त्याच संध्याकाळी टिपण दुरुस्त करावे: कोणत्या थांब्यावर लोक पुढे सरकले, कुठे फोनकडे वळले, कोणता प्रश्न दोनदा आला. पुढील फेरीच्या आठवडाभर आधी संपूर्ण मार्ग पुन्हा चालावा. दुरुस्तीसाठी परांच्या उभारलेल्या असू शकतात, समोरच्या भूखंडावर कुंपण पडलेले असू शकते, उभे राहण्याची नेमकी जागा वाहनतळाने घेतलेली असू शकते. परांच्यांमागे इमारत झाकली गेली असेल, तर थांबा लगेच रद्द करू नये. गिलावा काढलेल्या भिंतीत आतली वीट आणि जुन्या कमानींच्या खुणा उघड्या पडलेल्या असतात, आणि त्या पाहण्याची संधी काम संपेपर्यंतच असते.